कॅन्टोनीजमध्ये 'आजी अजून आहेत का' कसं विचारतात?

ठाणेकर_परदेशी:
मंडळी, हाँगकाँगला येऊन वर्ष होत आलं, तोडकंमोडकं कॅन्टोनीज बोलतो. काल कलीग तिच्या आजीच्या हातच्या सूपबद्दल सांगत होती, मला विचारायचं होतं आजी आहेत का अजून, तर मरणे म्हणजे 'सेइ' एवढंच येत होतं, मग 'सिक चो फान मेइ' (जेवलीस का) त्याच साच्यात घालून 'सेइ चो मेइ' म्हणालो 🤦 समोरच्या काकूंचा घास हातातच राहिला. बरोबर काय?

चिंचगूळ:
अरे देवा, म्हणजे "मेली का नाही अजून" विचारलंस 😂 तो शब्द तोंडावर नकोच. चारच्या आकड्यालाही 'सेइ'च, फक्त सूर वेगळा, तेवढ्यावरून तिथल्या कितीतरी बिल्डिंगांत ४, १४, २४ मजलेच नसतात. 'चुंग हइ तोउ' म्हण, शब्दशः "अजून इथे आहेत". (च चमच्यातला, चहातला नाही.)

वाचनमात्र:
आणि त्याचं उलट 'म् हइ तोउ', इथे नाहीत, ते बाहेर गेलेल्यालाही आणि देवाघरी गेलेल्यालाही चालतं. 'चाउ चो' म्हणजे गेले, तिथेही तोच घोळ. आपल्याकडे फोनवर "अण्णा आहेत का", "अण्णा गेले", "कुठे?" होतं ना, सेम. वारले म्हणायला सभ्य शब्द 'क्वो सन'. आणि म्हातारी माणसं हयात असतील तर आदराने 'किन चोइ', पण तो जरा पुस्तकी आहे आणि तरुण माणसाबद्दल म्हणालास तर हसतील.

कोकणी_मेवा:
मी म्हणेन विचारूच नको, तब्येत कशी आहे एवढंच विचार, नसतील तर ती स्वतःच सांगेल. आणि आजी कुठली ते आधी बघ, आईची आई 'फो फो', वडिलांची आई चक्क 'मामा'!! मित्रांत "खारवलेली बदकाची अंडी विकायला गेला" म्हणजे मेला, ते मात्र आजीवर वापरू नकोस बाबा. आपण दिवा विझवला, मंगळसूत्र तुटलं म्हणत नाही, 'वाढवलं' म्हणतो, तसं त्यांचं रिकामं घर. रिकामं म्हणजे 'हुंग', पण अशुभलाही 'हुंग'च, म्हणून भाड्याच्या रिकाम्या जागेला थेट "शुभ घर" म्हणतात.

ठाणेकर_परदेशी:
थँक्स सगळ्यांना. आज तब्येतच विचारली. फो फो निघाल्या, किन चोइ, सूप अजून स्वतःच करतात. काकू मात्र आज दुसऱ्या टेबलावर बसल्या.