कौटुंबिक पत्रांच्या ऑनलाइन संग्रहात हवे ते पत्र कसे शोधावे?

पत्रशोधक:
आमच्या घराण्यातील जुनी पत्रे आणि छायाचित्रे एका नातलगांनी स्कॅन करून ऑनलाइन ठेवली आहेत. शोधपेटीत पणजोबांचे नाव घातले की मोजक्याच नोंदी येतात आणि त्या सगळ्या त्यांना आलेल्या पत्रांच्या निघतात. त्यांच्या हातचे एकही पत्र सापडत नाही. आजीच्या लहानपणीच्या छायाचित्राखाली तर २०१६ हे वर्ष दिसते. माझ्या शोधण्यात चूक होते आहे, की संग्रहच अपुरा आहे?

दौत:
शोधपेटी पत्र वाचत नाही, पत्राविषयी कोणीतरी टंकलेली नोंद वाचते. हस्तलिखित वाचून त्याचा मजकूर टंकलेला नसेल, तर त्यातला मजकूर शोधयंत्राच्या दृष्टीने केवळ चित्र असतो, आणि नोंद करणाऱ्याने ‘काकांचे पत्र’ एवढेच लिहिले असेल तर नाव घालून ते कधीच मिळणार नाही. एखादी नोंद सापडली की तिथेच न थांबता ती ज्या पुडक्यातली आहे ते पुडके उघडावे आणि तिच्या मागचीपुढची पाने चाळावीत. अभिलेखागारांत मूळ क्रम शक्यतो मोडत नाहीत तो याचसाठी, कारण शेजारचा कागद पुष्कळदा न लिहिलेले सांगून जातो. स्त्रियांची पत्रे शोधताना माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे घालून पाहावीत. ऱ्हस्व-दीर्घाचे फरकही करून पाहावेत.

पणजोबांच्या पत्रांचे म्हणाल, तर पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ज्याला लिहिले त्याच्याकडे जाते. त्यांनी स्वतःजवळ नकला ठेवल्या नसतील, तर त्यांचे अक्षर त्यांच्या भावंडांच्या किंवा मुलींच्या पुडक्यांत शोधायला हवे.

जुनी काच:
२०१६ हे बहुधा स्कॅन केल्याचे वर्ष असावे. फाइल तयार होताना यंत्र आपल्या घड्याळातली तारीख तिच्यात नोंदवते आणि संकेतस्थळ तीच छायाचित्राची म्हणून दाखवते. काळ ठरवायचा तर मूळ वस्तूचे आकारमान पाहावे. स्कॅन ६०० डीपीआयचे (दर इंचाला ६०० ठिपके) असेल आणि छायाचित्र चिकटवलेल्या पुठ्ठ्याची रुंदी सुमारे १,५०० पिक्सेल भरत असेल, तर मूळ पुठ्ठा अडीच इंच रुंद होता. हे माप ‘कार्त द व्हिझित’ या पुठ्ठ्यावरच्या छोट्या छायाचित्राच्या प्रकाराचे, ज्याचे पेटंट फ्रेंच छायाचित्रकार दिस्देरी यांनी १८५४ मध्ये पॅरिसमध्ये घेतले. त्याच धर्तीचे पण मोठे, साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांचे कॅबिनेट कार्ड १८६६ च्या सुमारास आले. यावरून पुठ्ठा कोणत्या वर्षाआधीचा नसावा एवढेच कळते, तो किती अलीकडचा आहे हे नाही, कारण जुन्या छायाचित्राची पुढे कधीही नक्कल काढलेली असू शकते. मागची बाजू स्वतंत्र प्रतिमा म्हणून चढवली आहे का, तेही पाहावे. नावे बहुतेक तिथेच लिहिलेली असतात.

तिसरे पान:
सगळी पुडकी चाळण्याचा सल्ला योग्य असला तरी वहीशिवाय त्यात पडू नये, असे माझे मत आहे. पाहिलेल्या प्रत्येक प्रतिमेचा क्रमांक आणि कायमचा दुवा लिहून ठेवावा, नाहीतर तेच पुडके महिनाभराने पुन्हा उघडाल. (मी उघडले आहे, दोनदा.) ‘तारीख नाही’ या नोंदींपासून सुरुवात करावी, अडचणीचे कागद तिथे टाकलेले असतात.

पत्रशोधक:
मनःपूर्वक आभार. पणजोबांची चार पत्रे त्यांच्या धाकट्या बहिणीच्या पुडक्यात, तारीख नसलेल्या कागदांतच सापडली. टपालाचे शिक्के असलेली पाकिटे मात्र वेगळ्या नोंदींत आहेत. कोणते पाकीट कोणत्या पत्राचे, हे कसे ठरवावे?

दौत:
घड्या पाहाव्यात. घडी घातलेला कागद पाकिटात नेमका बसतो का, हे दोन्ही स्कॅनच्या मापांवरून ताडता येते. शाईचा रंग आणि पाण्याचे डाग दोहोंवर सारखेच उतरले असतील, तर जोडी बहुधा जमली. तरीही नोंदीत त्या शिक्क्याची तारीख प्रश्नचिन्हासहच लिहावी.