टूथपेस्टने हेडलाइटची काच उजळते, पण टिकत का नाही?

गाडीच्या पिवळट पडलेल्या हेडलाइटवर टूथपेस्ट घासण्याचा उपाय सुचवला जातो. उजळतं त्याने, पण थोडेच दिवस. कारण ही खरी काच नसून पॉलिकार्बोनेट, म्हणजे एक पारदर्शक प्लास्टिक असतं. त्यावरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांनी खराब होतो, मग पिवळेपणा येतो. टूथपेस्ट उरलासुरला थरही खरवडते आणि खालचं प्लास्टिक उघडं पडतं.

नीट करायचं तर आधी हेडलाइट धुऊन भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा (हे टाळलंत तर बॉनेटवर ओरखडे ठरलेले). मग वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा सँडपेपर), आधी १००० नंबरचा, मग २०००, शेवटी ३०००. पाणी सतत मारत राहा. घासताना काच आधीपेक्षा जास्त पांढरी दिसेल, घाबरू नका. निथळणारं पाणी पिवळट येतंय तोवर पहिला पेपर सोडायचा नाही. नंतर रबिंग कंपाउंडने (बारीक ओरखडे घालवणाऱ्या पेस्टने) पॉलिश.

बहुतेक जण इथेच थांबतात, आणि तिथेच सगळं फुकट जातं. वर यूव्ही संरक्षण देणारा क्लिअर कोट (पारदर्शक थराचा स्प्रे) हवाच. नुसतं वॅक्स लवकर उतरतं. स्प्रे मारताना हवा कोरडी हवी, पावसाळ्यात नकोच.

धुरकटपणा आतल्या बाजूने असेल तर मात्र घासून उपयोग नाही, आधी हेडलाइटच्या कडेचं सील तपासा.