वीरगळांच्या फोटोंसाठी छोटा कॅमेरा : मोठा सेन्सर घेऊ की हाताळायला सोपा?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात गावोगावी फिरून वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा), सतीशिळा आणि जुन्या देवळांतलं कोरीव काम फोटोत धरून ठेवायचं काम करालोय. बरेच वीरगळ उघड्यावर, अर्धे मातीत गाडलेले. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. दरवर्षी शेवाळ चढतं आणि कोरलेलं थोडं थोडं झिजतं. त्यामुळं हे काम पुढं ढकलून चालणार नाही.

आतापर्यंत मोबाईलवर भागवलं. उघड्यावर ठीक येतात. पण हलशीच्या भूवराह नरसिंह देवळात आत शिरलं की नक्षीच्या कडा पुसल्यासारख्या दिसतात.

मोटरसायकलवरून फिरतो, म्हणून कमरेच्या पाऊचात मावेल एवढाच पाहिजे. दोन बघून ठेवलेत. एक रिको जीआर ३, सेन्सर (चित्र टिपणारा भाग) एपीएस-सी, म्हणजे बहुतेक डीएसएलआरमध्ये असतो तेवढा. दुसरा सोनी आरएक्स१०० मार्क ३, २०१४ चं मॉडेल, वापरलेला मिळालाय, सेन्सर १ इंची. ज्याला विचारावं तो म्हणतो मोठा सेन्सर घे. पण रिकोला झूम नाही, स्क्रीन वर उचलत नाही, डोळा लावून बघायची सोय नाही. पन्नाशी उलटली आहे, जवळचं बघायला चष्मा लागतो. तुम्ही काय घ्याल?

टिळकवाडी
साहेब, काम मोलाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१ इंची म्हणतात तो सेन्सर १३.२ × ८.८ मिमी आणि एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमी. क्षेत्रफळ तिप्पट. लोक इथंच थांबतात. उजेड आधी भिंगातून येतो हे विसरतात. सोनीचं भिंग वाइडला, म्हणजे झूम न करता, एफ/१.८ पर्यंत उघडतं, रिकोचं एफ/२.८ (आकडा जितका लहान तितकं भिंग जास्त उघडं). म्हणजे सोनीच्या सेन्सरवर तेवढ्याच जागेत जवळजवळ अडीचपट उजेड पडतो. हिशेब मांडला तर रिको पुढं राहतो तो अर्ध्या स्टॉपपेक्षाही कमी (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). आणि उंचावरची मूर्ती जवळ आणायची म्हटली तर पारडं उलटं फिरतं. सोनी ७० मिमीलासुद्धा, म्हणजे पूर्ण झूम केल्यावरही, एफ/२.८ देतो. रिको २८ मिमीवर अडकलेला, ७० ची चौकट हवी तर फोटो कापावा लागतो आणि २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम ४ हातात राहतात.

त्याहून महत्त्वाचं, दगड हलत नाही. आपल्या बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. तिथं लेझीम आणि ढोल टिपायला सेकंदाचा १२५ वा भाग तरी शटर लागतं, म्हणून मी तिथं मोठाच कॅमेरा नेतो. वीरगळाला सेकंदभर शटर उघडं ठेवलं तरी काही बिघडत नाही. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १२५ वर ठेवा, दोन्ही सेन्सर सारखे स्वच्छ काम देतील. अट एकच, कॅमेरा स्थिर पाहिजे.

अडचण इथं येते. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत परवानगीशिवाय तिपाई लावू देत नाहीत. बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्तीचं, त्या जैन मंदिराचं घ्या. १२०४ चं बांधकाम, मंडपाच्या छताला ते कमळ. ते नीट घ्यायचं तर कॅमेरा फरशीवर उताणा ठेवावा लागतो. सोनीची स्क्रीन १८० अंशांत उलटते, म्हणजे कॅमेरा जमिनीवर असतानाही चौकट वरून दिसते. २ सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात काढून घ्यायचा. रिकोची स्क्रीन पाठीला चिकटलेली, तिथं अंदाजानंच काढावं लागतं. मातीत गाडलेल्या वीरगळापुढंही हेच, नाहीतर दरवेळी चिखलात आडवं व्हा.

लहान सेन्सरचा आणखी एक फायदा तुमच्याच कामाचा. एफ/४ लाच कोरीव कामातला पुढचा हत्ती आणि मागचा घोडेस्वार दोन्ही स्पष्ट येतात. एफ/८ च्या पुढं मात्र जाऊ नका, चित्र मऊ पडायला लागतं.

निपाणीहून
दादा, वरचं सगळं पटलं, तरी रिकोची बाजू मांडते. त्याची पकड फार चांगली आहे, एका हातात बसतो, चालू केला की लगेच तयार. सोनी गुळगुळीत आहे. ओल्या हातातून निसटेल अशी धास्ती वाटते. घेतलात तर चिकटवायची रबरी ग्रिप त्याच दिवशी लावा आणि मनगटाची दोरी सोडू नका. पावसात दोन्ही निरुपयोगी. कणकुंबी-जांबोटीकडे जाणार असाल तर श्रावणानंतरच काढा.

आणि कुठलाही घ्या, सोबत एक चांगली बॅटरी ठेवा, टॉर्च म्हणते मी. समोरून फ्लॅश मारला की झिजलेलं कोरीव सपाट दिसतं. उजेड एका बाजूनं, दगडाला जवळजवळ घासून जाईल असा टाका. पुसट अक्षरांनाही सावली पडते आणि ती वाचता येतात. त्याच दगडाचे डावीकडून, उजवीकडून, वरून असे वेगवेगळे फोटो घ्या. एका उजेडात न दिसलेलं अक्षर दुसऱ्यात सापडतं. हे काम कुठलाच सेन्सर करून देणार नाही.

खानापूरकर
दोघांचे मनापासून आभार. बाजूच्या उजेडाचं तर उद्याच करून बघतो. उलटणारी स्क्रीन माझ्या कामाला जास्त लागणार हे पटलं, सोनीकडे वळतोय. फक्त एक सांगा, उन्हात स्क्रीन दिसत नाही तेव्हा त्यातून डोळा लावून बघता येतं म्हणतात. चष्मा काढावा लागतो का?

टिळकवाडी
नाही. कडेची खटकी दाबली की व्ह्यूफाइंडर वर येतो, मग त्याचं भिंग हातानं आपल्याकडं ओढायचं. वर बारीक दांडी आहे, ती सरकवत अक्षरं स्वच्छ दिसतील तिथं थांबवा. वापरलेला घेताना हा भाग वर-खाली करून बघा. झूम पूर्ण बाहेर काढून आवाज ऐका आणि पांढऱ्या भिंतीचा एफ/११ वर एक फोटो घ्या. आत शिरून सेन्सरवर धूळ बसली असेल तर त्यात काळे ठिपके दिसतात.