आधी कोणता करार, ते ठरवा

‘ख्रिस्तामुळे देवाचा नवा करार आला, म्हणजे यहुद्यांशी केलेला संपला’ असं म्हटलं जातं. घोळ शब्दाचाही आहे: ‘जुना करार’ हे बायबलच्या पहिल्या भागाचंही नाव आणि सीनाय डोंगरावर मोशेमार्फत देवाने इस्राएलशी केलेल्या कराराचंही. बायबलमधलं इब्री ८:१३ जीर्ण म्हणतं ते सीनायच्या कराराला. अब्राहामाशी केलेल्या (उत्पत्ति १७) कराराला नव्हे. शिवाय तिथेच उद्धृत केलेल्या यिर्मया ३१:३१ मध्ये नवा करार ‘इस्राएल व यहूदा’ यांच्याशीच आहे, हे सोयीस्कर गाळलं जातं. प्रेषित पौलाच्या पत्रात, रोम ११:१७-२४ मध्ये, काही फांद्या तुटल्या तरी जैतुनाचं मूळ झाड, म्हणजे इस्राएल, राहतं; कलम होतं ते रानटी फांदीचं, म्हणजे यहुदी नसलेल्यांचं (बागायतदार नेमकं उलट करतो, पौलही या कलमाला निसर्गाविरुद्ध म्हणतो). देवाची दानं व पाचारण मागे घेतलं जात नाही, या ११:२९ चाच आधार १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ला (इतर धर्मांविषयीच्या कॅथलिक चर्चच्या घोषणापत्राला) आहे. मग ख्रिस्ताला उघडपणे न स्वीकारता यहुद्यांचं तारण कसं? २०१५ च्या व्हॅटिकन दस्तऐवजाने ते देवाचं अथांग गूढ म्हणून सोडून दिलं.