इंडोनेशियाच्या लोककथांमधल्या बायका – शाप त्यांनाच का?

जुळेसोलापूरकरीण:
नमस्कार मंडळी, आमचा बायकांचा छोटा वाचनकट्टा आहे, यावेळी परदेशी लोककथा असा विषय ठरलाय आणि माझ्या वाट्याला इंडोनेशिया आलाय. जावा बेटावरच्या रोरो जोंग्रांग या राजकन्येची गोष्ट वाचली आणि डोकंच फिरलं. बांडुंग बोंडोवोसो तिच्या बापाला मारतो आणि वर तिच्याशीच लग्न करायचं म्हणतो, सरळ नाही म्हणायची सोय नाही म्हणून ती अट घालते की एका रात्रीत हजार देवळं बांध, तो भुताखेतांना कामाला लावून ९९९ बांधतो सुद्धा, मग ही गावातल्या बायकांना उठवते, त्या उखळात भात कांडायला लागतात, पूर्वेला जाळ करतात, कोंबडे आरवतात आणि सकाळ झाली समजून भुतं पळतात. हा चिडून तिलाच दगड करतो, हजारावी मूर्ती म्हणून. आणि सांगणारे काय सांगतात, तर तिनं फसवलं! बापाच्या खुन्याला नकार दिला यात तिचं काय चुकलं? सगळ्या गोष्टी अशाच आहेत का तिकडं? आणि आताच्या लेखिका यावर काय लिहितायत? रविवारी बोलायचंय, जरा सांगा की.

पार्करोड७७:
ताई, ही मूर्ती खरंच आहे बघा. योग्यकर्ताजवळ प्रंबानन म्हणून नवव्या शतकातला देवळांचा मोठा समूह आहे, त्यातल्या शंकराच्या मुख्य देवळात उत्तरेकडच्या गाभाऱ्यात लोक जिला रोरो जोंग्रांग म्हणतात ती मूर्ती आहे. आणि ती आहे कोण, तर महिषासुरमर्दिनी! आठ हात, पायाखाली रेडा. आपण तुळजापूरला जिच्यापुढं डोकं टेकवतो तीच देवी. पुढं तिथली पूजा बंद पडली, देवळं पडीक झाली आणि रेड्यावर उभी असलेली देवी लोकांच्या तोंडी शापित राजकन्या झाली. मला याचं फार वाईट वाटतं, पण मूर्ती अजून तिथंच उभी आहे हे तुमच्या कट्ट्यावर नक्की सांगा.

मोहोळची_सून:
मला त्यातल्या भात कांडणाऱ्या बायकाच जास्त आवडल्या. उखळाचा आवाज आला म्हणजे उजाडलं असं कोंबड्याला, भुतांना सगळ्यांना माहिती, कारण पहाटे उठून ते काम बायकाच करायच्या, आपल्याकडं जात्याचं होतं तसंच. आणि त्याच कामाच्या जोरावर त्या राजकन्येला वाचवायला जातात. नवांग वुलानची गोष्ट पण वाचा. स्वर्गातली अप्सरा, आंघोळ करताना जाका तारुब तिचा शेला चोरतो आणि तिला उडता येईना म्हणून त्याची बायको होऊन राहावं लागतं. ती भाताची एकच लोंबी टाकून घरभर पुरेल एवढा भात शिजवायची, अट एवढीच की झाकण उघडायचं नाही. यानं उघडलं. तेव्हापासून तिला रोज भात कांडावा लागला, कोठार रिकामं होत गेलं आणि तळाला लपवलेला शेला सापडला, तो घेऊन ती गेली निघून. चोरी त्याची, मोडलेला शब्द त्याचा, राबली मात्र ती.

सात_रस्ता:
लोककथांना आजची फूटपट्टी लावू नये असं माझं मत. आणि शाप फक्त बायकांनाच असतो हेही खरं नाही, पश्चिम सुमात्रात मालिन कुंडांग आहे. समुद्रापार जाऊन श्रीमंत झालेला मुलगा परत येतो, बायकोसमोर गरीब आईला ओळख देत नाही, मग आईच्या शापानं तो दगड होतो. पाडांगजवळच्या किनाऱ्यावर तो दगड दाखवतात. हा मिनांगकाबाऊ लोकांचा मुलूख, तिथं वडिलोपार्जित घर-जमीन आईकडून मुलीकडं जाते आणि मुलं कमवायला बाहेर पडतात. तिथल्या गोष्टीत आईच्या शब्दाला एवढं वजन असणारच.

जुळेसोलापूरकरीण:
@सात_रस्ता दादा, हे भारीच, धन्यवाद. पण फूटपट्टीचं नाही पटलं. गोष्ट आज माझी मुलगी ऐकतीय ना, मग प्रश्न पण आजचेच पडणार.

मोहोळची_सून:
ताई बरोबर आहे तुमचं. आणि बदल आत्ताच झालेत असं पण नाही, शिखंडी बघा. आपल्याकडं ते नाव लोक हिणवायला वापरतात, जावाच्या वायांगमध्ये, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात, स्रिकांडी ही सरळसरळ बाई आहे, धनुर्धर आणि अर्जुनाची बायको. १९८८ ला सोलच्या ऑलिम्पिकमध्ये इंडोनेशियाला पहिलंवहिलं पदक मिळालं ते महिला तिरंदाजी संघाचं, रौप्य, आणि त्या तिघींना तिकडं स्रिकांडीच म्हणतात.

वाचतोय_फक्त:
आताच्या लेखिकांबद्दल. ओका रुस्मिनीची ‘तारियान बुमी’ ही २००० सालची कादंबरी बालीतली आहे, ब्राह्मण घरातली तेलागा शूद्र मुलाशी लग्न करते आणि त्यासाठी तिला आपली जात सोडायचा विधी करावा लागतो. जातीचं ओझं बायकांच्या अंगावर कसं येतं हे आपल्याला वेगळं समजवायला नको. आयू उतामीची ‘सामान’ १९९८ ची, तिथला हुकूमशहा सुहार्तो सत्तेवरून गेला त्याच वर्षी आली, त्यातल्या मैत्रिणी स्वतःच्या शरीराबद्दल इतकं मोकळं बोलतात की तिकडं मोठी खळबळ माजली होती. पण तुमच्या विषयाला सगळ्यात जवळची इंतान परामादिता, ती सिंड्रेलाची गोष्ट सावत्र बहिणीच्या तोंडून सांगते, बुटात पाय बसावा म्हणून जिचा अंगठा कापला गेला तिच्या. तिघींचीही इंग्रजी भाषांतरं आहेत. कट्ट्यावर एकच वाचायची तर इंतानची ती कथा घ्या, छोटी आहे, एका बैठकीत मोठ्यानं वाचून होईल आणि बोलायला वेळ उरेल.