नीटच्या वर्षात संमेलन? मला उत्तर द्यावंच लागतंय

उदगीरची आई
काल एका पालकांनी लिहिलं, "बारावीच्या लेकराच्या हातात कादंबरी दिली की वर्ष पाण्यात. लेखकांना भेटून मार्क वाढत नाहीत." रात्रभर डोक्यातून जाईना.

२०२२ चं साहित्य संमेलन आमच्या उदगीरला होतं, २२ ते २४ एप्रिल. लेकीची मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा १७ जुलैला. क्लासवाले म्हणाले, टेस्ट बुडवायची नाही. तरी रविवारी नेलं. ऊन मी म्हणत होतं, पण पोरगी पुस्तकांच्या गाळ्यांतून चार तास हलली नाही. पैसे संपले तेव्हा केमिस्ट्रीच्या वहीवर एका लेखकाची सही घेतली. त्या पानावर पुढं तिनं एक अक्षर लिहिलं नाही.

औशाचा बाप
ते लिहिणारा मीच. ताई, नीटला किती पडले ते नाही सांगितलं. माझं चार एकर वावर, सोयाबीनला भाव नाही, लेकरू लातूरला खोली करून आहे. एक उत्तर चुकलं की चार मार्क जातात, वर एक कापतात. रविवार आमच्यात टेस्टचाच दिवस.

उदगीरची आई
एमबीबीएसला लागलं नाही. बीएएमएस करतेय. त्या एका रविवारानं गेलं असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

वाचनालयवाला
संमेलन तीन दिवसांचं. बाकीचं वर्षभर लेकरांनी वाचायचं कुठं? आमचं वाचनालय सगळ्यात खालच्या 'ड' वर्गात, सतरा वर्षं मी बघतो. ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा, अनुदान दोन हप्त्यांत, तेही उशिरा. दर्जावाढीचा अर्ज धूळ खातोय. त्या पैशात पुस्तकं घ्यायची का लाईटबिल भरायचं?

औशाचा बाप
गावातली वाचनालयं म्हणजे दाराला कुलूप अन् ओट्यावर पेपर वाचणारी म्हातारी. अनुदान कशाला पाहिजे?

वाचनालयवाला
तोंड सांभाळून बोला. सकाळी सातला मी स्वतः उघडतो. गेल्या उन्हाळ्यात सातवीची एक पोरगी रोज यायची. बालविभागाचं कपाट संपवलं तिनं. पुढं द्यायला माझ्याकडं काही नव्हतं. कुलपापेक्षा ते जास्त लागतं, दादा.

उदगीरची आई
पत्ता कळवा. लेकीची पुस्तकं पाठवते, सहीची वही सोडून.

औशाचा बाप
कुलपाचं बोललो ते चुकलं, मान्य. बाकी मी हटणार नाही. दिवाळीत लेकराच्या गादीखाली जाडजूड कादंबरी सापडली. काढून घेतली, तर दोन दिवस जेवलं नाही. कपाटावर ठेवलीय, कागदात गुंडाळून. नीटचा पेपर देऊन आलं की त्याच संध्याकाळी देईन. आधी नाही.