शोकांतिका की शोकात्मिका?

'ट्रॅजेडी'साठी शोकांतिका आणि शोकात्मिका असे दोन्ही शब्द वाचनात आले. अर्थ एकच का? आणि शेवटी नायक मेला की नाटक शोकांतिका ठरतं का?

— शेवटाची अट 'शोकांतिका' या शब्दातल्या 'अंता'मुळे आपल्या डोक्यात बसली आहे. ग्रीकांची ती अट नव्हती. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या एका नाटकात नायिका इफिजिनिया नकळत सख्ख्या भावाचाच बळी देण्याच्या तयारीत असते. ऐनवेळी ओळख पटते, दोघं सुखरूप निसटतात. तरी ती ट्रॅजेडीच! इ.स.पू. ४५८ मधली एस्किलस या ग्रीक नाटककाराची 'ओरेस्टिया' ही नाट्यत्रयी तर समेटावर संपते. म्हणून मी 'शोकात्मिका' लिहितो. आणि मरणाचं म्हणाल, तर डोक्यावर कौल पडून माणूस गेला तर आपण हळहळतो, पण तो अपघात. सोफोक्लिसच्या नाटकातल्या इडिपस राजाचं तसं नाही. नगरीवरची साथ हटावी म्हणून तो आधीच्या राजाच्या खुन्याचा शोध घेतो आणि शोध त्याच्याच दाराशी येऊन थांबतो. चांगल्या हेतूनं टाकलेलं पाऊलच त्याला खड्ड्याकडे नेतं. ('करायला गेलो गणपती अन् झाला मारुती' हीच उलटापालट, फक्त हसण्यावारी नेलेली.)

— म्हणजे नायकाचा स्वभावदोष?

— तो अर्थ नंतर चिकटला. नायकाच्या चुकीसाठी ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचा शब्द 'हमार्शिया'. त्याच्या मुळाशी नेम चुकणं आहे. मला 'प्रमाद' जवळचा वाटतो. दुष्ट माणूस बुडाला तर करुणा वाटत नाही, हे त्यानंच म्हटलंय.

— 'शोकात्मिका'वरही माझी हरकत आहे. नाट्यशास्त्रकार भरताच्या मते करुण रस आणि विप्रलंभ (विरहाचा शृंगार) यांतला फरक आशेचा: विप्रलंभात ती असते, करुणात संपलेली असते. शोक हा करुणाचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना. मग इफिजिनिया सुटली तिथे शोक हा नाटकाचा आत्मा कसा? मूळ ग्रीक शब्दात तर शोक नाहीच; त्याची फोड 'बोकड' आणि 'गीत' अशी होते. शोक आपण घातला.

— हरकत मान्य, पण 'बोकडगीत' कोण लिहिणार? मी प्रकाराला शोकात्मिका म्हणेन आणि शेवट खरोखर तसा असेल तिथेच 'शोकांत' हे विशेषण लावेन.

— आणि 'निधी आला पण खर्चच झाला नाही, ही शोकांतिका' असं बातम्यांत येतं ते?

— तिथे 'दुर्दैव' पुरे. बहुतेकदा 'हलगर्जी' जास्त खरं.